बाटली रिकामी झाली का? कोकणातून मुंबईच्या मोर्चाला निघणाऱ्यांसाठी

सावंतवाडी, कणकवली, राजापूर, लांजा इथून मुंबईच्या मोर्चाला जायचं म्हणजे दोन रात्री आणि एक दिवस. पहिली रात्र गाडीत, दिवस आझाद मैदानात, दुसरी रात्र पुन्हा गाडीत, आणि सकाळी स्टेशनवर उतरलं की आंघोळ करून अंगणवाडी उघडायची. ठाणे-कल्याणच्या बाया डबा घेऊन निघतात आणि रात्री घरी जेवतात. आपलं तसं नाही. म्हणून वरून आलेली ‘वेळेवर उपस्थित राहावे’ एवढी सूचना आपल्याला पुरत नाही.

मी आमच्या तालुक्यातल्या सेविका-मदतनिसांना मोर्चाला नेते. हे लिहिते आहे ते मुख्यतः त्यांच्यासाठी. आशाताई, ग्रामपंचायत कर्मचारी, शिक्षक, एमआयडीसीतले कामगार यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आम्ही मैदानात बसलो होतो. दुपारी दोनच्या सुमाराला आमची एक मदतनीस बसल्या जागी बाजूला कलंडली. हात गार, ओठ पांढरे. तोंडावर पाणी मारलं, पाय वर केले, दहा-बारा मिनिटांनी तिने डोळे उघडले. तिला पाणी पाजायला मी तिचीच पिशवी उघडली. आत लिटरची बाटली होती, आदल्या रात्री स्टेशनवर विकत घेतलेली. तिच्या झाकणाची कडीसुद्धा तुटलेली नव्हती. सतरा-अठरा तास ती बाई पाण्याशिवाय होती, आणि पाणी तिच्या मांडीवर होतं. मी विचारलं, अगं प्यायली का नाहीस? ती म्हणाली, “प्यायले असते तर जायचं कुठे, ताई?”

मोर्चात बाया उन्हाने पडतात असं आपण म्हणतो. त्या पडतात शौचालयाच्या भीतीने. खाली जे लिहिलं आहे त्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण ही बाटली विसरू नका.

पंधरा दिवस आधी: दहा जणींचा गट

तालुक्यातून साठ बाया जाणार असतील तर साठांचा जथा नेऊ नका, सहा गट करा. दहा हा आकडा मी अनुभवावरून सांगते. दहा चेहरे एका नजरेत मोजता येतात, पंधरा येत नाहीत. शक्यतो एका बीटमधल्या, म्हणजे एकाच पर्यवेक्षिकेकडच्या, बाया एका गटात घ्या, म्हणजे एकमेकींच्या घरचं, दुखण्याखुपण्याचं माहीत असतं. गटात एक पुढची आणि एक मागची. पुढची म्हणजे गटप्रमुख. तिला मैदानाचा रस्ता माहीत हवा. मागची अशी निवडा जी भरभर चालणारी आहे पण मागे राहायला तयार आहे. तिच्या मागे गटातली कुणी राहता कामा नये, एवढंच तिचं काम, आणि माझ्या मते ते गटप्रमुखाच्या कामापेक्षा मोठं आहे.

यादी कागदावर करा. नाव, स्वतःचा नंबर, घरच्या माणसाचा नंबर, गाव, आजार आणि चालू असलेली गोळी. मोबाईलमधली यादी बॅटरी संपली की संपते. कागदाच्या तीन प्रती: एक गटप्रमुखाकडे, एक तालुक्याच्या पदाधिकाऱ्याकडे, आणि तिसरी गावात राहणाऱ्या ताईकडे.

ही गावची ताई कोण? जी येऊ शकत नाही ती. गरोदर आहे, नुकतं ऑपरेशन झालंय, ताप आहे, घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, अशा बाईला ओढून नेऊ नका आणि ती आली नाही म्हणून टोमणाही मारू नका. तिला फोनवर बसवा. प्रत्येक गटाने ठरल्या वेळी तिला कळवायचं आणि घरच्यांनीही तिलाच विचारायचं. नाहीतर मैदानात असताना एका बाईला नवऱ्याचा, सासूचा, मुलाचा असे सात फोन येतात आणि कामाचा फोन लागत नाही.

तान्ही मुलं आणू नका. अंगावर पिणारं असेल तर त्या बाईने यावेळी घरूनच साथ द्यावी. हे मी कठोरपणे सांगते, कारण गाडीच्या जनरल डब्यातली रात्र आणि मैदानातलं ऊन बाळाला झेपत नाही.

रजा, संप यांची नोटीस संघटना देते. तरी आपल्या पर्यवेक्षिकेला स्वतःच्या सहीचं पत्र द्या आणि पोच घ्या. लोटे, महाड, रोहा इथल्या कारखान्यांतल्या कामगारांनी इथे जास्त जपावं. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली नैमित्तिक रजा संपच धरली जाते, आणि नोटीस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत संप करता येत नाही. ‘सगळ्यांनी सीएल टाकू’ हा जुना मार्ग आता तुमच्या अंगावर येऊ शकतो. आधी युनियनच्या वकिलांना विचारा.

मागणी स्वतःच्या तोंडाने सांगता आली पाहिजे

मुंबईवर मोर्चा नेणं कोकणाला नवं नाही. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातली कुळं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली कौन्सिल हॉलवर, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळावर, गेली होती. त्याआधी सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी विधिमंडळात खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं. त्या मोर्चातल्या कुठल्याही कुळाला विचारलं असतं तर मागणी तीन शब्दांत आली असती: खोती रद्द करा.

आपल्या निवेदनात चौदा मागण्या असतात आणि बाईला विचारलं की ती म्हणते, “आमच्या ताईंना विचारा.” वार्ताहर पुढे जातो, आणि आपली बाई टीव्हीवर मुकी दिसते. म्हणून निघण्याआधीच्या बैठकीत प्रत्येकीने एक मागणी, आपल्या गावच्या उदाहरणासह, मोठ्याने सांगायची. ग्रॅच्युइटीचं बोलायचं असेल तर हे लक्षात ठेवा: २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तेव्हा लागू असलेला १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांनाही लागू होतो. ‘आम्हाला द्या हो’ असं म्हणणं वेगळं आणि ‘न्यायालयाने सांगितलंय ते द्या’ असं म्हणणं वेगळं. दुसरं वाक्य पाठ करा.

तिकीट आणि गाडी

मोर्चाची तारीख कळली की त्याच दिवशी आरक्षण पाहा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि कोकण रेल्वेवरच्या रात्रीच्या गाड्या लवकर भरतात. शिमगा, गणपती, मे महिना यांच्या आसपासचा मोर्चा असेल तर जागा मिळेल ही आशाच सोडा आणि दुसरी सोय बघा.

कोकणकन्या थेट सीएसएमटीला जाते, म्हणजे मैदानाच्या दारात. तुतारी दादरला संपते. तिथून मध्य रेल्वेच्या बाजूने सीएसएमटीची लोकल धरायची, पश्चिम रेल्वेच्या बाजूला गेलात तर चर्चगेटला पोहोचाल. सावंतवाडीहून दिव्याला जाणारी गाडी दिवसा धावते आणि संध्याकाळी उशिरा पोहोचते, तिथून पुन्हा लोकल धरायची आणि रात्र मुंबईत काढायची. नवख्या बायांना त्या गाडीने नेऊ नका.

परतीच्या तिकिटात एक चूक पुन्हा पुन्हा होते. तुतारी दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते. म्हणजे ५ तारखेला मोर्चा आणि त्याच रात्री निघायचं, तर तिकिटावर ६ तारीख हवी. ५ तारखेचं तिकीट काढलंत तर ती गाडी तुम्ही मोर्चाला पोहोचायच्या आधीच निघून गेलेली असते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा जुन्या वेळा धरून निघू नका. १३९ वर विचारा.

एसटी करायची तर आगारात जाऊन प्रासंगिक करारावर, म्हणजे पूर्ण बस भाड्याने, मिळते का बघा. साठ बायांचा खर्च वाटला तर फार जड जात नाही, आणि बस आपल्या गावातून निघते आणि गावात सोडते. साध्या एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे स्टेशनपर्यंत किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जायला तीच बरी. टेम्पोच्या हौद्यात बसून कुणीही जाऊ नका. घाटातली वळणं, रात्रीची वेळ, आणि मालवाहू गाडीत माणसं बसवली की अपघात झाल्यावर विम्याचे पैसे मिळताना हात वर होतात. पैसे कमी पडत असतील तर वीस बायांऐवजी बारा जा.

पिशवीत काय

पाठीवरची सॅक घ्या. खांद्याची पर्स आणि हातातली पिशवी दोन्ही नकोत, हात मोकळे हवेत. सॅकचं वजन चार किलोच्या वर गेलं तर दुपारनंतर ती सहकारणीच्या पाठीवर जाते.

आत काय असावं ते सांगते. पाण्याची लिटरची बाटली, आणि भरून घेता येईल अशी दुसरी रिकामी. ओआरएसची दोन पाकिटं. रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीच्या झेरॉक्ससह. ओळखपत्र. सुटे पैसे, दहा-वीस-पन्नासच्या नोटा पाचशे रुपयांपर्यंत, दोन ठिकाणी ठेवलेले. गर्दीत नेटवर्क बसतं आणि चहावाल्याला फोनवरून पैसे जात नाहीत. सुती रुमाल किंवा पंचा, जो ओला करून डोक्यावर घेता येतो. टोपी. पॅड, पाळीची तारीख नसली तरी, कारण प्रवासात ती पुढेमागे होते, आणि शेजारणीलाही लागतं. गुंडाळून टाकायला जुनं वर्तमानपत्र. कागदी साबण. प्लास्टिकची एक जाड पिशवी, पावसात फोन आणि कागद घालायला. पावसाळ्यात छत्रीऐवजी रेनकोट, कारण गर्दीत छत्रीची काडी दुसरीच्या डोळ्यात जाते.

आणि एका कागदावर चार नंबर, निळ्या बॉलपेनने मोठ्या अक्षरात: गटप्रमुख, मागची ताई, गावची ताई, संघटनेचे वकील. हेच वकिलांचे आणि गटप्रमुखाचे नंबर मनगटाच्या आतल्या बाजूला लिहा. फोन हरवला की आपल्याला नवऱ्याचासुद्धा नंबर आठवत नाही.

दागिने घरी. मंगळसूत्र काढायचं नसेल तर पोतीचं घाला.

जेवणात ओल्या नारळाचं काहीही नको. रात्री आठला वाटलेली चटणी सकाळी दहापर्यंत आंबते, आणि तीच खाऊन एकीला उलट्या सुरू झाल्या की पूर्ण गट तिच्याभोवती अडकतो. सोलकढीही नको. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, न्या. छोट्या बाटलीत आगळ, वेगळ्या पुडीत साखर आणि जिरेपूड. लिटरभर पाण्यात दोन चमचे आगळ, चवीला साखर. आगळात मीठ असतंच. तांदळाची भाकरी सकाळी कडक होते, त्यापेक्षा घडीच्या पोळ्या आणि सुकी बटाट्याची भाजी रात्रीला, आणि दिवसासाठी नाचणीचे लाडू, भाजलेले शेंगदाणे, चिक्की, केळी. साखरेचा आजार असलेल्या बाईने लाडूंवर भागवू नये, पण तिच्याकडे चार गोड गोळ्या किंवा ग्लुकोजची पुडी असलीच पाहिजे, कारण औषधाची गोळी घेऊन जेवण चुकलं की तिची साखर खाली जाते.

झेंड्याला जाड काठी नको. आपल्याकडे चिव्याची, म्हणजे बांबूची, काठी सहज मिळते म्हणून बाया तीच लावतात, आणि पोलीस तीच पहिल्यांदा काढून घेतात. मनाई आदेश लागू असताना लाठीसारखी वस्तू बाळगणं हा गुन्हा ठरतो. हलकी, बोटाएवढी काठी घ्या, किंवा झेंडा हातातच धरा. फलक कापडाचा करा, आणि मध्ये दोन-तीन चिरा पाडा, म्हणजे वारा आरपार जातो आणि फलक धरणाऱ्या बाया पतंगासारख्या ओढल्या जात नाहीत.

पायात आणि अंगावर

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जवळजवळ १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या तळपायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. कातडी सोलून निघाली होती. आपण तेवढं चालत नाही, पण नवीन चपलेने दोन किलोमीटरमध्येही तेच होतं. मोर्चासाठी नवीन चप्पल घेऊ नका. मागे पट्टा असलेली, वापरून मऊ झालेली सँडल किंवा बूट घाला. साधी स्लीपर गर्दीत मागचीच्या पायाखाली येते आणि आपण तोंडावर पडतो.

गणवेशाची साडी नेसायची ठरलं असेल तर दोन बोटं वर नेसा, निऱ्यांना पिना लावा आणि पदर कमरेला खोचा. परकराच्या आत घट्ट चड्डी घाला, मांड्या घासत नाहीत. मला विचाराल तर गाडीत सलवार-कमीज आणि मैदानात साडी हे उत्तम, पण साडी बदलायला जागा मिळत नाही हेही खरं.

पाणी आणि शौचालय

आता मूळ मुद्दा.

मुंबईची हवा दमट. कोकणात राहणाऱ्या आपल्याला ती ओळखीची वाटते आणि तिथेच आपण फसतो. दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. पारा फार वर नसला तरी शरीर आतून तापत जातं. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जण गेले. तिथे कुणी मैलोन्‌मैल चालत आलं नव्हतं. माणसं उन्हात बसली होती. ‘आपण तर बसूनच असणार’ असं म्हणणाऱ्या बाईला हे सांगा.

म्हणून आमच्या गटांत नियम आहे. दर अर्ध्या तासाला गटप्रमुख म्हणते, “बाटली.” सगळ्यांनी बाटली वर करायची आणि चार-पाच मोठे घोट प्यायचे. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. अकरा वाजता पहिली बाटली रिकामी झालेली दिसली पाहिजे. पहिल्यांदा बायांना हे शाळकरी वाटलं. आता त्याच एकमेकींना विचारतात, बाटली रिकामी झाली का?

पण पाणी प्या म्हणणारीने शौचालय कुठे आहे ते आधी सांगितलं पाहिजे. ते गटप्रमुखाचं काम आहे. मैदानात पोहोचल्यावर झेंडा रोवायच्या आधी दोघींनी जाऊन बघून यायचं: कुठे आहे, किती दरवाजे उघडे आहेत, नळाला पाणी आहे का. एका मोर्चात आम्हाला तीन दरवाज्यांना कुलूप मिळालं. तेव्हा आम्ही घोषणा थांबवून आधी बंदोबस्तावरच्या महिला पोलिसांना गाठलं, त्याही अडचणीतच होत्या, आणि अर्ध्या तासात कुलूप निघालं. हे मागायला लाजू नका. सीएसएमटी स्थानकात पैसे देऊन वापरायची शौचालयं आहेत. गाडीतून उतरल्या उतरल्या तिथे सगळ्या जणी जाऊन या, दात घासा, बाटल्या भरा, मगच बाहेर पडा. गाडीतही पहाटे डबा जागा व्हायच्या आधी उरकून घ्या.

मैदानात तिघी-तिघी जा. दोघी रांगेत, एक पिशव्यांपाशी. एकटी जाऊ नका, जागा सापडत नाही आणि परतीची वाट चुकते. बसता येत नाही अशी घाण असेल तर उभ्याने लघवी करता येईल असं कागदी नरसाळं मेडिकलच्या दुकानात मिळतं. पाच-सहा घेऊन ठेवा आणि घरी एकदा वापरून बघा. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला तर पाणी कमी पडतंय, लगेच प्या.

ओआरएसचं एक मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्ध्या बाटलीत अर्धं पाकीट असले हिशेब करू नका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

पोटऱ्यांत गोळे, डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही पहिली खूण. त्या बाईला ताबडतोब सावलीत न्या, पदर-ब्लाऊज सैल करा, ओला पंचा मानेवर आणि काखेत ठेवा, थोडं थोडं पाणी पाजा. ती असंबद्ध बोलू लागली, उठवून उठत नाही, अंग भाजल्यासारखं तापलंय, तर तो उष्माघात. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घालत राहा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. ‘थोडा वेळ पडू दे, बरं वाटेल’ हे वाक्य अशा वेळी जीव घेतं.

गर्दीत

पोहोचल्यावर लगेच एक भेटीची जागा ठरवा. ती मैदानाच्या बाहेर हवी आणि हलणारी नको. ‘आपल्या बॅनरखाली’ ही जागा नव्हे, बॅनर हलतो. सीएसएमटीच्या समोर महापालिकेच्या मुख्यालयाबाहेर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. कुणालाही विचारला तरी सापडतो. चुकामूक झाली की दर तासाच्या ठोक्याला तिथे जायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. फोन लागत नसेल तर एसएमएस करा, तो बऱ्याचदा जातो.

गर्दीत आपला गट कडेला बसवा, व्यासपीठापासून दूर राहिलं तरी चालेल. कुंपणाला किंवा भिंतीला चिकटून बसू नका, रेटा आला तर मागे जायला जागा हवी. ढकलाढकल सुरू झाली तर दोन्ही हात कोपरात वाकवून छातीपुढे धरा, म्हणजे श्वास घ्यायला जागा राहते. लोंढ्याविरुद्ध जोर लावू नका. त्याच्याबरोबर पावलं टाकत तिरकं तिरकं कडेला या. पडलेली चप्पल, फोन उचलायला वाकू नका. सगळ्यात जास्त धोका पुलाच्या जिन्यावर असतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ माणसं गेली, आणि तिथे मोर्चाही नव्हता, रोजची सकाळची गर्दी होती. मोर्चा सुटल्यावर सगळे एकदम स्टेशनकडे धावतात. तुम्ही अर्धा तास बसून राहा, पाणी प्या, गट मोजा, मग उठा.

पोलीस

शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमणं हा राज्यघटनेच्या कलम १९ ने दिलेला हक्क आहे, आणि सरकार त्यावर वाजवी बंधनं घालू शकतं. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. मोर्चाची परवानगी संघटना घेते: मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, लाऊडस्पीकर, जबाबदार व्यक्तींची नावं. त्या परवानगीपत्राची झेरॉक्स प्रत्येक गटप्रमुखाकडे असू द्या आणि त्यातल्या अटी बैठकीत वाचून दाखवा. मैदान किती वाजता सोडायचं हे त्यात लिहिलेलं असतं.

जिल्ह्यात बऱ्याचदा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश असतो, आणि पाच किंवा त्याहून जास्त माणसं विनापरवानगी जमवणं त्यात मोडतं. अशा वेळी पोलीस ताब्यात घेतात, गाडीत बसवतात आणि संध्याकाळी सोडतात. ताब्यात घेणं आणि अटक यांत फरक आहे. घाबरून पळू नका, ओढाताण करू नका, शिवी देऊ नका. एकमेकींची नावं मोठ्याने सांगा आणि गटप्रमुखाने ती कागदावर लिहून वकिलांना कळवावीत.

अटक झालीच तर कारण सांगितलं पाहिजे, घरच्या किंवा तुम्ही सांगाल त्या माणसाला कळवलं पाहिजे, वकिलांना भेटू दिलं पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं पाहिजे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. न वाचलेल्या कागदावर सही करू नका. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लागता मोफत कायदेशीर मदत मिळते, नंबर १५१००.

गटात कुणी अनोळखी माणूस दगड, बाटली फेकायला लागला तर त्याच्यापासून बाजूला व्हा आणि स्वयंसेवकांना दाखवा. नाशिकच्या त्याच मोर्चाने मुंबईत दहावीच्या मुलांची परीक्षा होती म्हणून रात्रीच चालून मैदान गाठलं. सकाळी मुंबईकर त्यांच्यासाठी पाणी, चपला, खायला घेऊन आले. ज्या मुलांना आपण अंगणवाडीत अक्षरओळख दिली, त्यांच्या आईवडिलांनी आपल्या बाजूने उभं राहावं असं वाटत असेल तर रस्त्यावरचं आपलं वागणं त्यांना दिसतं हे ध्यानात असू द्या.

जिल्ह्याच्या मोर्चाला

ओरोसला सिंधुदुर्गनगरीत, रत्नागिरीत किंवा अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालयावर जायचं असेल तर एक दिवसात होतं म्हणून तयारी ढिली पडते. पाण्याचा नियम तोच. शेवटची एसटी किती वाजता हे आधी विचारा, कारण आतल्या गावांना पाचनंतर गाडी नसते आणि शिष्टमंडळ आत गेलं की तास-दीड तास बाहेर येत नाही. दूरच्या गावातल्या बायांना निवेदन देण्याची वाट न बघता सोडा.

निवेदनाच्या पाच प्रती न्या आणि एका प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय शिष्टमंडळाने बाहेर पडू नये. तोंडी आश्वासन फोटो काढण्यापुरतं असतं.

परत येताना

मैदान सोडताना, लोकलमध्ये चढण्याआधी, उतरल्यावर आणि गाडीत बसल्यावर अशी चार वेळा मोजणी. आकडा म्हणू नका, नावं घ्या. एकीने “हो, आहोत सगळ्या” म्हटलं आणि एक बाई दादरच्या पुलावर राहिली, असं आमच्याकडे झालेलं आहे. ती रात्रभर स्टेशनवर बसून पहाटेच्या गाडीने आली. तिला काही झालं नाही, पण तिच्या मुलाने त्या रात्री मला फोनवर विचारलेला प्रश्न, “माझी आई कुठे आहे?”, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, हे मी विसरलेले नाही. मागची ताई हे पद त्यानंतर आलं.

गाडीत बसल्यावर पाय धुवा, ओआरएस प्या, पोटभर खा. स्टेशन पहाटेचं असेल तर गजर लावून दोघी जाग्या राहा, कोकणातल्या लहान स्टेशनांवर गाडी दोनच मिनिटं थांबते. स्टेशनवरून घरापर्यंतची रिक्षा, टमटम आधीच सांगून ठेवा. पहाटे चारला स्टेशन ते वाडी असं एकट्या बाईने चालत जाऊ नये.

पुढचे दोन दिवस कुणाला लघवीला जळजळ, ताप, छातीत धडधड वाटली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, अंगावर काढू नका. आठवड्याच्या आत बैठक घ्या आणि निवेदनाच्या शिक्क्याची प्रत सगळ्यांना दाखवा. कुणाला काय त्रास झाला तेही लिहून घ्या, पुढच्या मोर्चाची यादी त्यातूनच तयार होते.

प्रत्येकीने घराचं दार उघडल्यावर गावच्या ताईला एक मिस्ड कॉल द्यायचा. ती यादीत नावापुढे खूण करते. शेवटच्या नावापुढे खूण होईपर्यंत तिने फोन बाजूला ठेवून झोपायचं नाही.